विहिरीवरील केबलची चोरी

प्रश्न : विहिरीवरील मोटारीची केबल दोनदा चोरीस गेली. बंदोबस्त कसा करावा?

उत्तर : या चोऱ्यांमागे मुख्यतः केबलमधील तांब्याला भंगारात मिळणारा भाव असतो; म्हणून ती उघड्यावर न सोडता पाइपातून जमिनीखाली न्यावी, आणि मोटारीवर गट क्रमांक कोरून घ्यावा. केबल खरेदीचे पक्के बिल जपणेही कायद्याच्या दृष्टीने आवश्यक आहे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता न येणारा गुन्हा, ठरते. त्यामुळे फिर्यादीत बिलावरून केबलची लांबी व किंमत नमूद करावी. चोरी उघडकीस येताच पोलीस पाटलांना कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत कापलेली टोके हलवू नयेत.