फुले उदंड, फळे का नाहीत?

परसात, गच्चीवर किंवा सदनिकेच्या सज्जात लावलेला भोपळ्याचा वा दुधीचा वेल आरंभी मोठी आशा दाखवतो. पाने रुंद होतात, तणावे आधाराला विळखा घालतात, फुलांची रेलचेल होते. फळ मात्र धरत नाही. धरलेच तर पिवळे पडून गळते किंवा वेडेवाकडे वाढते. वेलाला रोग झाला असे समजून मग औषध फवारले जाते, नाहीतर वेलच उपटला जातो. वस्तुतः अनेकदा वेल निरोगी असतो. उणीव असते ती परागीभवनाची.

नरफूल आणि मादीफूल

भोपळ्याच्या कुळातील बहुतेक भाज्यांमध्ये नर आणि मादी फुले एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. सडपातळ देठावरचे ते नरफूल. ज्याच्या पाकळ्यांखाली चिमुकल्या फळाचा आकार दिसतो ते मादीफूल. सुरुवातीला सहसा नरफुलेच उमलतात. त्यांना ‘वांझ’ म्हणून हिणवले जाते. परंतु मादीफुलांना पराग त्यांच्याकडूनच मिळतो. तीव्र उष्णता व मोठा दिवस यांमुळे नरफुलांचे प्रमाण वाढते, तर नत्रयुक्त खताच्या अतिरेकाने वेल पानांतच रमतो. म्हणून खत बेताने द्यावे आणि धीर धरावा.

फळ का गळते?

मादीफुलाखालचा फुगीर भाग हा केवळ अंडाशय होय. पराग न मिळाल्यास तो काही दिवसांत सुकून गळतो. लाल भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाही. त्यासाठी मधमाशीच यावी लागते. उंच इमारतीत ती फिरकली नाही, तर हे काम माणसाने करावे. सकाळी नुकतेच उमललेले नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि पुंकेसर मादीफुलातील कुक्षीच्या सर्व भागांवर हलकेच फिरवावा. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व ऊन चढताच मिटू लागते. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते. वेळ त्यानुसार साधावी. वेलावर आधीच काही फळे पोसली जात असतील, तर नवी फळे तो स्वतःच गाळतो. ती त्याची काटकसर होय.

वाकडे फळ

पराग अपुरा पडला तर फळाच्या एका बाजूस बिया कमी धरतात व ती बाजू खुरटते. फळावर टोचल्याची खूण आणि त्यातून पाझरणारा डिंकासारखा द्रव दिसल्यास तो फळमाशीचा उपद्रव समजावा. अशी फळे वेलाखाली कुजू न देता गोळा करून नष्ट करावीत.

शेजारच्या वेलाचा दोष?

जवळच्या दुसऱ्या वाणाच्या परागामुळे यंदाच्या फळाचा आकार किंवा चव बदलत नाही. संकराचा परिणाम त्या फळातील बी पेरल्यावर पुढील पिढीत दिसतो. दुधी व लाल भोपळा यांचा तर आपापसांत नैसर्गिक संकर होतच नाही. घरचे बी राखणाऱ्याने मात्र एकाच जातीचे दोन वाण जवळ लावू नयेत.

कडूपणाकडे दुर्लक्ष नको

वाकडे फळ बिनधास्त खावे. कडू फळ मात्र कदापि नाही. या कुळातील फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये वाढतात आणि शिजवूनही ती नाहीशी होत नाहीत. कडू दुधीच्या रसाने विषबाधा व मृत्यू झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात कडू रस मुळीच पिऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. म्हणून दुधी चिरताच त्याची बारीक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकून द्यावी आणि सारे फळ फेकून द्यावे. रस प्यायल्यावर उलटी वा पोटदुखी सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

कष्टाने वाढवलेले फळ टाकताना जीव हळहळतो खरा. पण त्या हळहळीपेक्षा घरच्यांचा जीव मोलाचा.