जुन्या जीपची उंची : गमावलेली आधी परत घ्या, वाढवायचे नंतर पाहा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील व्यापाऱ्याचे निम्मे गिऱ्हाईक डांबरी रस्त्यापासून आत राहते. कशेळे, खांडस, कडाव किंवा वावोशीच्या बाजूला माल पोहोचवायचा तर शेवटचा टप्पा खडीचा, चिखलाचा नाही तर फरशी पुलाचा असतो. आपल्यापैकी अनेकांकडे जुनी कमांडर, जुनी जिप्सी, बोलेरो किंवा सुमो आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि जुनी गाडी दगडाला पोट घासते. मग कोणी तरी सांगतो, "शेठ, गाडी वर उचलून घ्या. दोन दिवसांचे काम आहे."

काम दोन दिवसांचे असेलही, पण त्याचे परिणाम गाडी असेपर्यंत राहतात. म्हणून कमी पैशात हे काम कसे करावे आणि कुठे थांबावे, याचा विचार या लेखात केला आहे. मी कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नाही. परंतु कापडाच्या गाठी जुन्या जीपमधून वाहून नेता नेता जे शिकलो आणि जाणकार कारागिरांकडून जे समजून घेतले, ते वाचक बंधूंपुढे ठेवीत आहे.

प्रथम माप घ्या

कापड एकदा फाडले की पुन्हा जुळत नाही. गाडीचेही तसेच आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरांत हवा बरोबर भरा आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी टेपने मोजून वहीत लिहा. एकदा गाडी रिकामी असताना मोजा आणि एकदा नेहमीचा माल भरून मोजा.

माझ्या जीपची मागची डावी बाजू उजवीपेक्षा ५ सें.मी. खाली निघाली. तोपर्यंत मी म्हणत होतो की गाडीच बुटकी आहे. खरी गोष्ट अशी की वर्षानुवर्षे एकाच बाजूला जास्त वजन टाकल्याने पाटे बसले होते. म्हणजे मला नवी उंची नको होती, गमावलेली उंची परत हवी होती. माझा अनुभव असा की उंचीची तक्रार असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांचे दुखणे हेच असते.

पाट्यांची दुरुस्ती

आपल्याकडच्या जीपगाड्यांचा वंश अमेरिकेच्या विलीज जीपपासून आला. १९४५ साली 'महिंद्र आणि महंमद' या नावाने सुरू झालेली आणि १९४८ मध्ये 'महिंद्र आणि महिंद्र' झालेली कंपनी ही जीप भारतात आणणारी. या जुन्या जीपना आणि १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे पाटेच असतात. बोलेरोला मागे पाटे आणि पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते. पाट्याचे काम करणारा कारागीर बहुतेक गावांत सापडतो, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे.

पाटे खोलल्यावर चार गोष्टी पाहाव्यात : एखादा पाटा तुटला आहे काय, शॅकलचे बुश झिजले आहेत काय, सेंटर बोल्ट वाकला आहे काय आणि कमान किती उरली आहे. नुसते बुश आणि तुटका पाटा बदलला तरी गाडी सरळ उभी राहते. कमान बसली असेल तर कारागीर पाटा थंड स्थितीतच ठोकून तिला पुन्हा गोलाई देतो. हे काम स्वस्त आहे, मात्र ती गोलाई काही काळाने थोडी पुन्हा बसते, हे धरून चालावे.

पाटा भट्टीत लाल करून वाकवायचा असेल तर एक गोष्ट अवश्य विचारावी. तापवल्यावर पाणी चढवणार काय? स्प्रिंगचे पोलाद लाल करून तसेच हवेत निवू दिले तर ते मऊ पडते आणि गाडी काही महिन्यांत पहिल्यापेक्षा खाली बसते. पोलाद तेलात बुडवून कडक करावे लागते आणि नंतर बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. ज्याच्याकडे ही सोय नाही त्याच्याकडून थंडच ठोकून घ्यावे.

नेहमी जड माल वाहणाऱ्याने प्रत्येक बाजूला एक पाटा वाढवला तर चालते. पण येथे जाडीचा हिशेब फसवा आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मि.मी.च्या जागी ८ मि.मी. जाडीचा पाटा घेतला तर तो दिसायला थोडाच जाड असतो, पण त्याचा ताठपणा सुमारे २.४ पट होतो. मग रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि चाक रस्ता सोडते. चाकाने रस्ता सोडला की ब्रेक व्यर्थ. म्हणून पाटा मूळ मापाचाच घ्यावा आणि दोन्ही बाजूंना सारखाच टाकावा.

उंचीचे चार स्वस्त उपाय आणि त्यांची खरी किंमत

दुरुस्तीनंतरही उंची कमी पडली तर गॅरेजमध्ये चार उपाय सुचवले जातात.

पहिला, लांब शॅकल. शॅकल २ इंच लांब केली तर गाडी सुमारे १ इंचच वर येते. कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते, दुसरे जागेवर राहते. शिवाय त्यामुळे एक्सल थोडा फिरतो. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर ती लांब केल्यावर चाकाचा कॅस्टर कोन कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. हा प्रयोग मी स्वतः केला आहे. घाटउतारावर गाडी डावी-उजवीकडे भटकू लागली तेव्हा अल्लाहची आठवण झाली. दुसऱ्याच दिवशी जुनी शॅकल परत बसवली. जाणकार मिस्त्री पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर देऊन हा कोन सुधारतो. त्याला हे ठाऊक नसेल तर त्याच्याकडून शॅकल बदलून घेऊ नये.

दुसरा, एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा. जेथे पाटा एक्सलच्या वर असतो तेथेच याने उंची वाढते. जुन्या जीप आणि जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो. तेथे मध्ये ठोकळा टाकला तर गाडी उलट खाली येते! पुढच्या एक्सलला ठोकळा कधीही लावू नये, कारण ब्रेक दाबताच पुढच्या एक्सलवर मोठा पीळ येतो. ठोकळ्यावर ठोकळा नको आणि लाकडाचा तर मुळीच नको. यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि पहिल्या काही दिवसांच्या धावेनंतर पुन्हा आवळून घ्यावेत.

तिसरा, खालचा पाटा एक्सलच्या वर नेणे. याने ४-५ इंच उंची मिळते म्हणून तरुणांना त्याची भुरळ पडते. पण त्यासाठी एक्सलवर नवे वेल्डिंग, स्टेअरिंगच्या दांड्यांची नवी मांडणी, लांब ब्रेकचे पाइप आणि प्रॉपेलर शाफ्टचे काम लागते. कमी पैशात हे नीट होत नाही. आपल्या धंद्याच्या गाडीला हा उपाय नको.

चौथा, मोठे टायर. लक्षात घ्यावे की पाट्याची उंची वाढवल्याने फक्त बॉडी वर जाते. मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा जेथल्या तेथे राहतो आणि दगड बहुधा त्यालाच लागतो. तो गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. टायरचा व्यास २ इंच वाढला तर गोळा १ इंच वर जातो. पण टायर मोठा झाला की इंजिनला ओढ जास्त, ब्रेकवर भार जास्त आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. व्यास ५ टक्के वाढला तर काटा ५० दाखवीत असताना गाडी ५२.५ ने धावते.

पुढे गुंडाळीची स्प्रिंग असेल तर तिच्या वेढ्यांमध्ये रबर ठोसण्याचा प्रकार टाळावा. रबर सुटते आणि एक बाजू अचानक खाली बसते. ज्या गाडीला टॉर्शन बार आहे, तिची उंची बोल्ट फिरवून थोडी वाढते. मात्र दोन्ही बाजू सारख्या ठेवून लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

गॅरेज सोडण्यापूर्वी

चासीखाली जॅक लावून चाके लोंबकळू द्यावीत आणि स्वतः वाकून पाहावे. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना? शॉक-ॲब्सॉर्बर पूर्ण लांबीला पोचून त्यावरच एक्सल टांगला गेला नाही ना? प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तिरका होऊन अडकत नाही ना?

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा एक वॉल्व्ह असतो. बॉडी आणि एक्सल यांच्यातील अंतरावरून तो गाडीतील वजन ओळखतो. बॉडी वर गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो. हा वॉल्व्ह नव्याने जुळवून घेतल्याशिवाय माल भरू नये. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्यावा, नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि अपघाताचा वाटा आपल्याकडे येतो.

उंचीचा तोल

गाडी वळणावर उलटण्याचा हिशेब सोपा आहे. दोन चाकांमधील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागावे. समजण्यासाठी रुंदी १३० सें.मी. आणि उंची ७० सें.मी. धरू. उत्तर ०.९३ येते. उंची १० सें.मी. वाढली तर ०.८१ येते. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. त्यात टपावर कापडाच्या गाठी असतील आणि त्या पावसात भिजल्या असतील, तर हिशेब आणखी बिघडतो. म्हणून जड माल नेहमी खाली ठेवावा. बोरघाटात जाणाऱ्याने तर ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

पाण्याबद्दलही गैरसमज आहे. गाडी उंच केली म्हणजे वाहत्या फरशी पुलावरून जाता येते, असे नाही. सुमारे ६० सें.मी. वाहते पाणी बहुतेक मोटारी ओढून नेते, जीपसुद्धा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जेथे रेल्वेचा डबा थांबतो तेथे आपली जीप काय चीज आहे! पाणी उतरेपर्यंत थांबावे. एका दिवसाचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचे पाटे, बुश आणि शॉक-ॲब्सॉर्बर बदलणे ही दुरुस्ती होय, तिला कोणी हरकत घेत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, तेव्हा हा फरक कामी येतो. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच पाहते.

सारांश, पैसे थोडे असतील तर त्यांचा क्रम असा लावावा : आधी माप, मग बुश आणि तुटके पाटे, मग कमान, मग चांगले शॉक-ॲब्सॉर्बर आणि मूळ मापाचे चांगल्या नक्षीचे टायर. एवढे केल्यावर बहुतेकांना पुढे जाण्याची गरज उरत नाही. माझ्या जीपला उरली नाही.

पाट्याचे काम करणाऱ्या कारागीर बंधूंनाही एक विनंती. गिऱ्हाईक चार इंच मागेल, त्याला कमान बसली आहे हे दाखवून द्या. मजुरी थोडी कमी मिळेल, पण त्या गाडीत बसणाऱ्यांचा जीव ही तुमच्याकडे दिलेली अमानत आहे, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच दारात येईल.