परसातील कोंबडीला धाप का लागते?

ग्रामीण भागातील शेतमजुरांच्या व अल्पभूधारकांच्या परसात पाच-दहा कोंबड्या हमखास आढळतात. त्यांच्यासाठी वेगळे भांडवल लागत नाही. सांडलेले धान्य, किडे-मुंग्या आणि हिरवा पाला यांवर त्या पोसल्या जातात. अंड्यांच्या विक्रीतून मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, प्रसंगी औषधपाणी असे किरकोळ खर्च भागतात आणि ही मिळकत बहुधा घरातील स्त्रीच्याच हाती राहते. अशा खुराड्यातील एखादी कोंबडी मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागली, म्हणजे त्या घरापुढे प्रश्न उभा राहतो : तिला औषध द्यावे, कापावे, की मरण्यापूर्वी आठवडे बाजारात विकून टाकावे?

पुष्कळदा हा निर्णय घाईने घेतला जातो. वास्तविक धाप लागणे हा स्वतंत्र रोग नसून अनेक कारणांची ती एकच बाह्य खूण होय. कारण साधे असेल, तर त्यावरील उपाय घरच्या घरी होऊ शकतो. परंतु कारण सांसर्गिक रोगाचे असेल, तर घाईने विकलेली एक कोंबडी चार गावांतील खुराडी रिकामी करू शकते. म्हणूनच धापेची निरनिराळी कारणे ओळखता येणे अगत्याचे आहे.

श्वसनसंस्थेचे वेगळेपण

माणसाच्या छातीत व पोटाच्या पोकळीत विभाजक पडदा असतो. त्याच्या हालचालीने आपला श्वासोच्छ्वास चालतो. कोंबडीला असा पडदा नसतो. तिची लहानशी फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली असून ती फुगत नाहीत. त्यांना जोडलेल्या नऊ वायुकोशांमधून हवा खेळत राहते व ही हवा छातीच्या हाडाच्या हालचालीने आत-बाहेर होते. त्यामुळे कोंबडीची छाती हातात आवळून धरली, तरी तिचा श्वास कोंडतो. आजारी कोंबडी तपासताना तिला अलगद, दोन्ही पंख मिटवून धरावे; छातीवर दाब देऊ नये. श्वासाबरोबर आलेली धूळ, बुरशी वा रोगजंतू या वायुकोशांतून शरीरात खोलवर पोचतात. कोंबडीच्या शरीरात श्वसनविकार झपाट्याने बळावतो तो याच कारणाने.

उष्मा आणि कोंदट हवा

कोंबडीला घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात ती चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते व अशा रीतीने शरीरातील उष्णता बाहेर टाकते. ही धाप ओळखणे अवघड नाही. ती दुपारी व बहुतेक सर्व कोंबड्यांना एकाच वेळी लागते, श्वासाला घरघर नसते आणि सायंकाळी हवा निवताच ती थांबते. दाट सावली, मातीच्या भांड्यात वारंवार बदललेले थंड पाणी आणि खुराड्यावर ओले बारदान एवढ्यानेही पुष्कळ काम होते. मात्र कोंबडी निपचित पडू लागल्यास उशीर करू नये.

दुसरे कारण खुराड्याच्या रचनेत दडलेले असते. पावसाळ्यात भिजू नये म्हणून वा मुंगूस-मांजराच्या भीतीने रात्री खुराडे सर्व बाजूंनी बंद केले जाते. आतील ओल्या विष्ठेपासून अमोनिया वायू तयार होतो. तो कोंबडीच्या डोळ्यांना व श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला इजा करतो आणि पुढील रोगजंतूंना वाट मोकळी करून देतो. याची परीक्षा सोपी आहे. पहाटे खुराडे उघडताच खाली वाकून, कोंबडी बसते त्या उंचीवर वास घ्यावा. डोळ्यांना झोंबले, तर दोष हवेचा आहे असे समजावे. वरच्या बाजूस जाळीचा झरोका ठेवणे, तळाशी भाताचे तूस वा कोरडी भुशी पसरणे व ती ओली होताच बदलणे हाच त्यावरील उपाय होय. चुलीच्या धुराच्या वाटेवर खुराडे असल्यास त्याची जागाही बदलावी.

बुरशी, कृमी आणि आहारातील उणीव

पिलांच्या डालीत वा अंडी उबवण्याच्या जागी बुरसटलेले गवत घातल्यास त्यातील बुरशीचे सूक्ष्म कण पिलांच्या फुप्फुसांत जातात. अशी पिले पुष्कळदा आवाज न करता, चोच वासून श्वास घेतात व दगावतात. हा विकार जडल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून गवत, तूस व धान्य कोरडे आणि स्वच्छ असावे.

पावसाळ्यात गांडुळे व गोगलगाई खाणाऱ्या लहान कोंबड्यांच्या श्वासनलिकेत लाल रंगाचे कृमी वाढू शकतात. नर-मादी एकमेकांस कायमचे चिकटलेले असल्याने ते दोन फाट्यांच्या काटकीसारखे दिसतात. अशी कोंबडी मान लांबवते, जांभई दिल्यासारखी चोच उघडते आणि घशातील अडथळा काढून टाकण्यासाठी डोके झटकते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिलेल्या जंतनाशकाने ती सुधारू शकते.

उन्हाळ्यात हिरवा पाला मिळेनासा होतो आणि कोंबड्या केवळ पांढऱ्या ज्वारीवर राहतात. त्यामुळे अ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. डोळे व नाक चिकटतात, तोंडात व घशात पांढरट पुळ्या येतात आणि हा विकार सर्दीसारखा भासतो. शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास अथवा पिवळा मका यांचा आहारात समावेश केल्याने ही उणीव टळते.

सर्दी, जुनाट श्वसनविकार आणि देवी

नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव वाहणे, डोळ्याखाली व चेहऱ्यावर सूज येणे ही सांसर्गिक सर्दीची लक्षणे होत. हा रोग जिवाणूंमुळे होतो. बरी दिसणारी कोंबडीही पुढे रोगाची वाहक राहते. जुनाट श्वसनविकाराची चाल याहून संथ असते. थंडीत शिंका, घशात घरघर, वजन घटणे व अंडी कमी होणे असा त्याचा क्रम असून तो अंड्यातून पिलांतही उतरतो. या दोन्ही रोगांवर प्रतिजैविके उपयोगी पडतात. परंतु कोणते, किती दिवस व त्या काळात अंडी खावीत की नाही हे पशुवैद्यकानेच सांगावयाचे असते.

डासांमुळे पसरणाऱ्या देवी रोगात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या येतात. कधी कधी तोंडात व श्वासनलिकेत पिवळट चट्टे वाढून कोंबडी गुदमरते. म्हणून धाप लागलेल्या कोंबडीची चोच उजेडात उघडून घसा अवश्य पाहावा.

मानमोडीचा धोका

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे राणीखेत अर्थात मानमोडी. १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे या विषाणुजन्य रोगाची नोंद झाली. त्यानंतर थोड्याच काळात तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला आणि भारतात त्यास तेच नाव रूढ झाले. प्रारंभी शिंका, चोच वासून श्वास घेणे व घरघर दिसते. पाठोपाठ हिरवट पातळ विष्ठा, पंख व पाय लुळे पडणे आणि मान वाकडी होणे ही लक्षणे येतात. लस न टोचलेल्या कळपातील बहुतेक सर्व कोंबड्या काही दिवसांत मरू शकतात. या रोगावर औषध नाही. प्रतिजैविकांवर केलेला खर्च येथे वाया जातो, कारण विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही.

एकाएकी अनेक पक्षी मरणे, तुरा निळसर पडणे, डोके सुजणे व श्वास कोंडणे ही लक्षणे दिसल्यास बर्ड फ्लूची शंका घेतली पाहिजे. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. २००८ मध्ये पश्चिम बंगालमधील परसातील कोंबड्यांत तो मोठ्या प्रमाणावर पसरला, तर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याची नोंद झाली. हा रोग माणसासही होऊ शकतो. म्हणून अशा वेळी मृत पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, मुलांना दूर ठेवावे आणि ग्रामपंचायत व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. केवळ लक्षणांवरून मानमोडी व बर्ड फ्लू यांतील भेद सांगता येत नाही. बर्ड फ्लूचे निश्चित निदान भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत नमुने तपासून केले जाते.

पहिल्या दिवसाची दक्षता

धापणारी कोंबडी दिसताच प्रथम तिला इतरांपासून वेगळे ठेवावे. रात्री सर्व कोंबड्या बसल्यावर, दिवा न लावता खुराड्याजवळ शांत उभे राहून कान द्यावा. दिवसाच्या कलकलाटात न कळणारी घरघर व शिंका अंधारात स्पष्ट ऐकू येतात आणि किती कोंबड्या आजारी आहेत याचा अंदाज येतो. धाप किती दिवसांची, एकीला की अनेकींना, विष्ठेचा रंग कोणता, खाणे-पिणे कसे, नवीन पक्षी नुकताच आणला होता काय, एवढी माहिती पशुवैद्यकास दिल्यास निदान पुष्कळ सुकर होते.

आजारी कोंबडी विकू नये, पाहुण्यांकडे पाठवू नये व कापूही नये. कापलेल्या कोंबडीची पिसे व आतडी उकिरड्यावर पडतात, इतर कोंबड्या ती टोचतात आणि रोग शेजारच्या परसात पोचतो. बाजारात मिळणारे थोडे पैसे त्या घराला मोलाचे असतात, हे खरे. परंतु त्याच बाजारातून रोग परत फिरून गावात येतो आणि उरलेल्या कोंबड्याही जातात, असा हा तोट्याचा व्यवहार आहे. मेलेला पक्षी विहीर-ओढ्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवूनच कळपात सोडावा.

लसीकरण : एकट्याचे नव्हे, वस्तीचे काम

मानमोडीस प्रतिबंध करणारी लासोटा लस पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात मुक्तेश्वर प्रकारची लस टोचली जाते. देवीचीही लस उपलब्ध आहे. अडचण असते ती वेगळीच. लसीची एक कुपी पन्नास-शंभर वा अधिक पक्ष्यांना पुरते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि विरघळविल्यानंतर थोड्याच वेळात वापरून संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी अशी कुपी कोणी आणत नाही व त्यामुळे लसीकरण राहून जाते.

यावरचा मार्ग वस्तीने मिळून काढावयाचा आहे. महिला बचत गटाने दहा-पंधरा घरांतील पिलांची मोजणी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा आणि कोंबड्या मोकळ्या सुटण्यापूर्वी, पहाटेच सर्व खुराड्यांत लस द्यावी. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असते. रोग शिरल्यानंतर केलेली धावपळ क्वचितच उपयोगी पडते. ज्या वस्तीत एकाही घरची कोंबडी लसीवाचून राहत नाही, तेथे शेजारच्या खुराड्यातून येणाऱ्या मानमोडीचे भय पुष्कळ अंशी कमी होते आणि धापणारी कोंबडी दिसली तरी तिला बाजाराची वाट दाखविण्याची घाई कोणास करावी लागत नाही.