शाल, श्रीफळ आणि बिल

टेंभुर्णीत राहून लेखनावर पोट भरतं का, असं विचारायला येणाऱ्या पोरांना मी आधी उलट विचारतो, "बिल करता येतं का?" त्यांना वाटतं, मी थट्टा करतोय. बगलेत कवितांची वही असते आणि समोरचा माणूस दुकानदारासारखा बोलतोय! पण जाफराबाद तालुक्यात बसून हा धंदा करताना परत आलेल्या लेखांनी मला जेवढं बुडवलं नाही, तेवढं न केलेल्या बिलांनी बुडवलं.

आमच्याकडं लिहिणाऱ्याला काम नाही असं सहसा होत नाही. संस्थेची स्मरणिका, निवृत्त गुरुजींचा गौरवग्रंथ, पुढाऱ्याचं मानपत्र, निवडणुकीचं पत्रक, बियाण्याची लागवड पुस्तिका, कुणाचं तरी आत्मचरित्र. यातलं निम्मं काम 'तुम्ही काय, घरचेच' या वाक्यानं सुरू होतं. एका गौरवग्रंथाचं असंच झालं. बोलणं झालं होतं आलेले लेख तपासून देण्याचं. मग आलेल्या आठवणी नव्यानं लिहिणं आलं, न आलेल्या आठवणी फोनवर विचारून घेणं आलं, मग मुद्रितं, मग 'फोटोंच्या खालच्या ओळीही तुम्हीच टाका ना'. पेरणीच्या दिवसांत हातात घेतलेलं काम हुरड्याच्या दिवसांत संपलं. प्रकाशनाला व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ मिळालं. संपादक म्हणून समितीतल्या झाडून सगळ्यांची नावं छापली होती, माझं सोडून. पैशाचं विचारलं तेव्हा समोरचे गृहस्थ खरोखर दुखावले. "सत्कार केला की तुमचा!" त्यांचा राग खोटा नव्हता, हे मला आजही मान्य आहे. लेखन हा त्यांच्या लेखी मान होता, आणि मानाचा मोबदला मागणारा माणूस त्यांना हलका वाटला.

आता बोलणं तोंडी झालं तरी त्याच रात्री मी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो: पानं किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, नाव कुणाचं, पैसे किती आणि कधी. निम्मे आधी. तिकडून 'ठीक आहे' आलं की मगच कामाला हात. यामुळं नाती तुटतील अशी भीती होती. तसं काही झालं नाही, फुकटे तेवढे गळाले. जिवाभावाच्या माणसाचं काम बिनपैशानं करावं, मीही करतो. पण तेही सुरुवातीलाच 'हे माझ्याकडून' असं सांगून.

बिल कशाचं करायचं, हा मात्र त्याहून अवघड प्रश्न. सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच लिहायचो. पहिला पाऊस, आईची भाकरी, गावाकडची दिवाळी. छापून यायचं, मानधन यायचं नाही. त्यानंतर शब्दाच्या हिशेबानं पैसे देणारे भेटले: केसगळतीवर उपाय, विमा का घ्यावा, नाशिकला न जाता नाशिकची प्रेक्षणीय स्थळं. असली कामं आता यंत्रं उरकतात आणि मला त्याचं दुःख नाही. त्यातून हात सुधारत नाही, ढिला पडतो.

एका संपादकांनी लेख परत करताना विचारलं, "तुमच्या भागात असं काय चालतं, जे मला शहरात बसून कळणार नाही?" उत्तर रोज जाता-येता दिसत होतं. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये, पण बियाण्यासाठी जालन्याचं नाव त्याआधीच झालेलं. बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच १९६४ मध्ये महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज आमच्या पट्ट्यात, थेट पलीकडच्या देऊळगाव राजापर्यंत, शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं. डोळ्यांसमोरचंच, म्हणून मला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'महिला मजूर अत्यंत कौशल्यानं परागीभवन करतात.' संपादकांनी खाली रेघ मारून विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतात?" मला सांगता येईना. मग शेडनेटमध्ये जाऊन बसलो. टोमॅटोच्या मादी झाडाची कळी उमलण्याआधीच चिमट्यानं अलगद उघडतात आणि तिच्यातले पुंकेसर काढून टाकतात. उशीर झाला तर कळी आपल्याच परागांनी फळते आणि बियाणं वाया जातं. मग क्रॉसिंग, म्हणजे नराच्या फुलांतून जमवलेले पराग तिला लावायचे. लावून झालं की त्या फुलाची दोन हिरवी निदलं छाटायची. हे कशाला, असं विचारलं तर मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "खूण हाय ती, दादा. बिनखुणेचं फळ तोडूनच टाकावं लागतं. कंपनीवाले पाहतेत." माझा लेख त्या दोन छाटलेल्या निदलांपासून सुरू झाला आणि कृषिप्रधान देशापासून निघालेली प्रस्तावना आपोआप गेली. संपादकांनी त्यात एक स्वल्पविराम बदलला.

पुढं पुस्तिकांची, माहितीपटाच्या निवेदनाची कामं आली ती त्याच लेखावरून. दर मी सांगितला, कारण हे लिहू शकणारा दुसरा माणूस त्यांना पटकन सापडत नव्हता. लेखन सुधारायला म्हणून मी कुठलं शिबिर केलं नाही. लेख मोठ्यानं वाचतो, अडखळलो तिथं वाक्य मोडतो. शुद्धलेखनाला अरुण फडक्यांचा 'मराठी लेखन-कोश' हाताशी ठेवतो. आपल्याकडं 'बोली' या नावाखाली बराच आळस खपवला जातो. मावशींची बोली अवतरणात जशीच्या तशी ठेवावी. आपलं निवेदन मात्र नीट असावं. आणि मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमधला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसता गिचमिडकाला दिसतो, आणि संपादक काही तो सोडवत बसत नाहीत.

नोकरी सोडून यात उडी घेऊ का, असंही विचारतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; तेवढा हात आणि तेवढा वाचक दोन्ही आता दुर्मिळ. अनिल अवचटांनी डॉक्टरकी बाजूला ठेवली, १९६९ मध्ये त्यांचं 'पूर्णिया' आलं आणि पुढं ते विडी कामगारांत, हमालांत जाऊन लिहीत राहिले. पण त्यांच्या घरात पत्नी डॉ. सुनंदांची नोकरी होती आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. शेती, शिकवणी, जोडीदाराचा पगार, असं काहीतरी पाठीशी असू द्या. मानधनाच्या भरवशावर किराणा भरू नये.

हक्कांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही पगारी नोकर नसाल तर लेखाचा पहिला मालक तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच मानधनाच्या पावतीवर बारीक अक्षरात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असेल तर मी ते खोडतो, 'एकवेळ प्रसिद्धीसाठी' लिहितो आणि मग सही करतो. आजवर त्यावरून कुणी भांडलेलं नाही. बहुतेकांनी ते वाचलेलंही नसतं.

पैसे कमी आले की प्रकाशकानं खाल्ले, अशी बोंब आधी मारू नका. एकाच ठिकाणाहून मिळणारी रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेली (२०२५ च्या एप्रिलआधी ही मर्यादा ३०,००० होती) की १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. मुळातच पैसे अडले असतील तर उद्यम नोंदणी उपयोगी पडते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला हात जोडावेत. सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही ती करता येते आणि २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज.

तक्रारीपर्यंत जायची वेळ माझ्यावर आलेली नाही. चाळिसाव्या दिवशी लेखा विभागाला एक निरोप जातो: बिल क्रमांक, तारीख, उद्यम क्रमांक, मुदत कधी संपते. संपादकांना या कामासाठी फोन करत नाही. धनादेशावर सही त्यांची नसते, आणि पुढचा लेख त्यांनाच द्यायचा असतो.