इंग्रजी शब्दांचे हिज्जे

लोणावळें हें नांव इंग्रजींत लिहावयास सांगितलें म्हणजे वर्गांत दोन पक्ष होतात. एक पक्ष 'एल्-ओ-एन्-ए-व्ही-एल्-ए' अशीं सात अक्षरें लिहितो; दुसरा 'व्ही'पुढें आणखी एक 'ए' घालून आठ करितो. दोन्ही रूपें छापलेलीं आढळतात. परंतु परका मनुष्य दोहोंचाही उच्चार 'लोनावला' असाच करील. कारण आपले 'ण' व 'ळ' लिहिण्यास इंग्रजींत निराळीं अक्षरेंच नाहींत. पूर्वीं खडकीचें 'किर्की' व पुण्याचें 'पूना' झालें, तेंही परक्या कानांस आपले ध्वनि नीट न सांपडल्यामुळें. पुण्याचें इंग्रजी रूप १९७८ सालीं सुधारलें गेलें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इंग्रजी अक्षर हें ध्वनीचें पक्कें चित्र नव्हे. मराठींत आपण बहुधा बोलतों तसें लिहितों. म्हणून मावळांतील मुलगा इंग्रजी शब्दही कानानें लिहूं पाहतो व फसतो. गुण जातात, आणि 'मला इंग्रजी येणारच नाहीं' असें तो मनाशीं ठरवितो. वस्तुतः दोष बुद्धीचा नसून संवयीचा असतो.

'नाइफ' शब्दाच्या आरंभींचा 'के' एके काळीं उच्चारला जात असे. कॅक्स्टन यानें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना काढिला. पुढें छपाईमुळें हिज्जे स्थिर होत गेले, उच्चार मात्र बदलत राहिला. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यांतील 'बी' तर लॅटिन 'डेबितुम्' या मूळ शब्दाची खूण म्हणून विद्वानांनीं मागाहून घातला. अशीं अक्षरें कानास कळत नाहींत. तीं डोळ्यांनींच शिकावीं लागतात.

हिज्जे चुकले तर अर्थही बदलतो. 'प्रिन्सिपल' शब्दाचा शेवट 'पी-ए-एल्' असेल तर मुख्याध्यापक, 'पी-एल्-ई' असेल तर तत्त्व. फीच्या सवलतीचा अर्ज तत्त्वास पाठवून काय उपयोग?

शब्दयोजनेंतही मराठीची छाया पडते. आपणांकडे चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजींत या सर्वांस, आणि तशाच बहिणींसही, 'कझिन' हा एकच शब्द पुरतो. त्यास 'ब्रदर' जोडूं नये. तसेंच 'डिस्कस' या क्रियापदांत 'विषयीं' हा अर्थ आलेलाच आहे. त्यापुढें 'अबाउट' नको.

उपाय सोपा आहे. रोज पांच शब्द नीट पाहावे, पुस्तक मिटावें, लिहावे, मग ताडून पाहावे. पालकांस इंग्रजी येत नसलें तरी, मूल लिहीत असतां पुस्तक मिटलेलें आहे एवढें त्यांनीं पाहिलें तरी पुरे.

मोल्सवर्थ व कँडी बंधु हे परदेशांतून आले, आपली भाषा शिकले आणि १८३१ सालीं त्यांच्या श्रमांनीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यांनीं आपला 'ळ' साध्य केला. मग आपणांस 'नाइफ'मधील 'के' कां साधूं नये?