चूळ भरायची सवय आपल्यापासून

आई-बाबांनो,

नीरा-भीमेच्या संगमावरचं आपलं नरसिंहपूर उसाच्या पट्ट्यातलं. पोरांच्या हातात उसाचं कांडं असतं, गुळाचा खडा असतो आणि आता दुकानातली चॉकलेटं, बिस्किटंही असतात. तोंडातले जंतू या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कवच झिजवतं. दिवसभर थोडं थोडं गोड चघळत राहिलं, तर दाताला सावरायला सवडच मिळत नाही. म्हणून खाऊन झालं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, ही सवय आधी लावा.

हिरड्या सुजल्या, ब्रश करताना रक्त आलं, तर बांधावरची बाभूळ कामी येते. तिच्या सालीच्या काढ्याने गुळण्या करायची रीत जुनी आहे. सालीतल्या टॅनिनच्या तुरटपणामुळे हिरड्या आवळून येतात. हिरडा, बेहडा, आवळ्याच्या त्रिफळ्यातही हाच तुरटपणा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या शाळकरी मुलांना त्रिफळ्याच्या चुळा भरायला दिल्या. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी करण्यात त्या क्लोरहेक्सिडिन या औषधाच्या तोडीच्या ठरल्या. ते औषध फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

एक चमचा त्रिफळा चूर्ण दोन पेले पाण्यात निम्मं होईपर्यंत उकळा, फडक्याने गाळा, कोमट होऊ द्या. घोट तोंडात अर्धा मिनिट घोळवून थुंकायचा. काढा रोज ताजा करा.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र काढा देऊ नका, ते गिळून टाकतं. लवंगेचं तेल मुलांच्या हिरडीला थेट लावू नका, भाजतं. आणि कुठलाही काढा किडीने पडलेला खड्डा भरत नाही. सकाळी आणि झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश हवाच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती जन्मभराची आहे. पडेल म्हणून सोडू नका. काळा ठिपका दिसला, दात ठणकला की दंतवैद्याकडे न्या.

आणखी एक, मनापासून सांगते. घरात आई, आजी मिश्री लावत असेल, बाबांच्या गालात तंबाखू असेल, तर पोरांना तेच दात घासणं वाटतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू; तिने तोंडाचा कॅन्सर होतो. ती डबी आजच टाका. रात्री जेवण झालं की मुलांच्या शेजारी उभं राहून तुम्हीही ब्रश करा, चूळ भरा. तुम्ही रोज कराल, तर ती न सांगता करतील.