फौजेच्या दप्तरातील नाव आणि घरातील नाव

वसई-विरार परिसरात रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आधी मुंबईत आणि पुढे मुंबईच्या चाळींतून इकडे येऊन स्थायिक झालेली आपली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांतील अनेकांच्या घरी आजोबा, वडील किंवा चुलते फौजेत होते. कोणी महार रेजिमेंटमध्ये, कोणी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, कोणी मेडिकल कोअरमध्ये. महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, हे आपण जयंतीच्या व्याख्यानांत अभिमानाने ऐकतो. परंतु अशा पलटणीत भरती झालेल्या माणसाचे नाव सरकारी दप्तरात कसे लिहिले गेले, त्याच्या पत्नीचे नाव कोणते लागले आणि त्याचा पुढे काय परिणाम होतो, याविषयी आपल्या सभांतून फारसे बोलले जात नाही. आम्ही बँकेत कारकुनी करीत असल्याने हा विषय आमच्या टेबलावर वारंवार येतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार गोष्टी सभासदांसमोर, विशेषतः विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

माणूस एक आणि कागदावरची नावे दोन, हे आपल्या समाजाला नवे नाही. डॉ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, मुलाचे नाव दाखल झाले ते भिवा रामजी आंबेडकर असे. रजिस्टर क्रमांक १९१४. कोकणात कुळाचे आडनाव वेगळे आणि गावावरून पडलेले 'कर' लागणारे आडनाव वेगळे, हा प्रकार घरोघर आहे. भरतीच्या वेळी सैनिकाने एक सांगितले, मुलांच्या शाळेत दुसरे लागले, आणि आज आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग आहे. त्यातून भरतीच्या कारकुनाने मराठी नाव कानाने ऐकून इंग्रजीत उतरवलेले. गायकवाड, जाधव, कांबळे ही साधी आडनावेसुद्धा इंग्रजीत तीन-तीन प्रकारे लिहिलेली आम्ही पाहिली आहेत.

सैनिक भरती झाला की त्याचा शीट रोल तयार होतो. त्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, धर्म, जात, अंगावरची खूण आणि पुढे पत्नी व मुलांची नावे येतात. नोकरीत असताना लग्न झाले, मूल झाले की पलटणीकडून पार्ट टू ऑर्डर निघते आणि तेवढी नोंद वाढते. निवृत्तीच्या वेळी त्यावरून डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनचा आदेश तयार होतो. मूळ कागद रेकॉर्ड ऑफिसकडे राहतात. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, सॅपर्सचे खडकीला. पेन्शनचा आदेश मात्र काढते प्रयागराजचे, म्हणजे २०१८ पूर्वीच्या अलाहाबादचे, संरक्षण लेखा कार्यालय. बँक किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांपैकी कोणालाही स्वतःच्या हाताने नाव बदलता येत नाही. पुष्कळ लोक बँकेच्या खिडकीवर येऊन "साहेब, एवढे एक अक्षर दुरुस्त करा" म्हणतात. ते अक्षर सागरला दुरुस्त व्हावे लागते, मग प्रयागराजहून शुद्धिपत्र निघते, आणि त्यानंतरच आमच्याकडे किंवा आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेत ते दिसते.

२०२१ पासून संरक्षण खात्याची पेन्शन टप्प्याटप्प्याने 'स्पर्श'वर गेली आणि जुन्या चुका एकदम उघड्या पडल्या. पूर्वी शाखेतील माणूस पेन्शनरला तोंडाने ओळखत असे. संगणक ओळखत नाही. त्याला आधारवरील नाव आणि पी.पी.ओ.वरील नाव जुळलेले हवे असते.

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त अडचण होते ती पत्नीच्या नावाची, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. समजा, माहेरची मैना सासरी येऊन सुमन झाली. सैनिकाने रजेवरून परत गेल्यावर पलटणीत सांगितले, "घरवाली का नाम मैनाबाई". तेच लिहिले गेले. इकडे रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि बँकेत सुमन. पती हयात असेपर्यंत कोणाला काही फरक पडला नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाची. तो गेला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करायची वेळ आली की दप्तर विचारते, मैनाबाई कोण आणि सुमन कोण? आता ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे सांगणारा मुख्य साक्षीदारच राहिलेला नसतो. जे काम सैनिकाच्या एका सहीच्या अर्जाने, पती-पत्नीच्या एकत्र फोटोने आणि प्रतिज्ञापत्राने झाले असते, त्यासाठी म्हाताऱ्या बाईला गावच्या ग्रामपंचायतीपासून कोर्टापर्यंत फिरावे लागते. म्हणून ज्यांच्या घरी पेन्शनर हयात आहेत त्यांनी हे काम आजच हाती घ्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. वडिलांसमोर त्यांच्या मरणानंतरच्या पेन्शनचा विषय काढणे मुलांना जड वाटते. परंतु फौजेत राहिलेल्या माणसाला या बोलण्याचे वाईट वाटत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

दुसरी बाब पत्नीच्या जन्मतारखेची, आणि तिचा थेट पैशाशी संबंध आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के जादा रक्कम मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. हा नियम १ जानेवारी २००६ पासून लागू असून तो विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. आता जुन्या पी.पी.ओ.वर पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसते. तारीख नाही म्हणजे ८० वर्षे कधी झाली ते कळत नाही, आणि वाढ आपोआप लागत नाही. किमान ९,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन धरले तरी महिन्याला १,८०० रुपये, आणि महागाईची रक्कम त्यावर वेगळी. पाच वर्षांत हे एक लाख आठ हजार होतात. आपल्या आजी कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पोर किती वर्षांचे होते त्यावरून स्वतःचे वय मोजतात. दप्तराला तेवढे पुरत नाही. जन्मतारीख असलेला पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळेचा दाखला यांसारखा कागद लागतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. आधार कार्डात नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून नाव जुळत नाही असे कळताच उठून आधार केंद्रावर धावू नये. आधी डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. उघडून इंग्रजीतील अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्यावे, मग कोणता कागद कोणत्या कागदाप्रमाणे करायचा ते ठरवावे. फौजेच्या कागदावर नाव बरोबर आणि आधारवर चूक असेल तर आधार बदलणे सोपे. पण फौजेच्या कागदावर मैनाबाई आणि बाकी सर्वत्र सुमन असेल, तर एका जुन्या नोंदीसाठी बाईचे सर्व कागद मैना करीत बसण्यापेक्षा रेकॉर्ड ऑफिसला लिहिणे बरे, असे आमचे मत आहे.

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेबाबत मात्र खोटी आशा धरू नये. सरकारी नोकरीत जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीच्या सुरुवातीच्या ठरावीक मुदतीतच मागावी लागते. केंद्राच्या मुलकी नोकरांना ती पाच वर्षांची आहे, आणि निवृत्ती जवळ आल्यावर केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनाम सिंग यांच्या प्रकरणात मान्य केली नाही. सरसेनापतीचीही त्यातून सुटका झाली नाही. जनरल व्ही. के. सिंग यांच्या शाळेच्या दाखल्यात १९५१ आणि प्रवेशाच्या अर्जात १९५० असे जन्मसाल होते. लष्कराच्याच दोन शाखांत दोन नोंदी राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी अर्ज मागे घेतला आणि १९५० धरून ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. तेव्हा आपल्या शिपाई आजोबांचे वय दोन वर्षांनी कमी लागले आहे म्हणून वकिलाला पैसे देऊ नयेत.

आता धर्म आणि जातीच्या रकान्याविषयी. १९५६ पूर्वी भरती झालेल्यांच्या कागदावर धर्म हिंदू, जात महार असे लिहिलेले असते. काही तरुण सभासद म्हणतात की ते बदलून बौद्ध करून घ्यावे. त्यामागची भावना आम्ही समजतो. पण निवृत्तिवेतन मिळते ते नात्यावर आणि ओळखीवर, धर्माच्या रकान्यावर नव्हे. शिवाय आपल्याकडे अनुसूचित जातीच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचे त्या आधीचे डिस्चार्ज बुक हा नातवंडांच्या प्रवेशासाठी सोन्यासारखा कागद आहे. तो जसा आहे तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. लॅमिनेशन करू नये.

पत्त्याचेही तसेच. कागदावर कुलाबा जिल्हा असेल तर तो १९८१ पासून रायगड आहे. रत्नागिरी लिहिलेले गाव त्याच वर्षापासून सिंधुदुर्गात असू शकते. वसई स्वतः १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्ह्यात गेली. याला चूक म्हणत नाहीत. हल्लीचा पत्ता तेवढा वेगळा कळवावा.

अर्ज कसा करावा, तर साध्या कागदावर. सर्वांत वर आर्मी नंबर, कारण नावाचे काहीही झाले असो, दप्तर शोधले जाते ते नंबरवरून. त्याखाली हुद्दा, कागदावर आहे तसे नाव, पी.पी.ओ. क्रमांक, मग 'सध्याची नोंद' आणि 'हवी असलेली नोंद' अशा दोन ओळी. एका अर्जात एकच दुरुस्ती मागावी. सोबत डिस्चार्ज बुक व पी.पी.ओ.च्या छायाप्रती, आधार, पॅन, विवाहाचा दाखला असल्यास तो, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर बहुधा एवढ्यावर भागते. नावच बदलले असेल तर वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्रातील प्रसिद्धी मागतात. प्रतिज्ञापत्र कोणत्या दंडाधिकाऱ्यापुढे करायचे तेही रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रात सांगितलेले असते, ते वाचल्याशिवाय वसईच्या तहसील कार्यालयाबाहेर स्टँप पेपर घेऊ नये. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविला तर उत्तम, तिथे कागद तपासून देतात. थेट पाठवायचा तर पोस्टाने नोंदणी करून, आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. 'स्पर्श'वरूनही विनंती नोंदविता येते. मात्र मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. फोनवर कोणालाही सांगू नये, मग तो माणूस स्वतःला सागरचा म्हणवो की प्रयागराजचा.

उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत येते. घरातील शिकत्या मुलाने किंवा मुलीने ते आजीला मराठीत वाचून दाखवावे, मागितलेला कागद कोणता ते पत्रावर पेन्सिलीने लिहावे आणि पत्रातील संदर्भ क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जावर घालावा. त्या क्रमांकाविना गेलेला अर्ज नवा समजला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.